पंगत बसली, वाढपी उपाशी

रात्रीचे दोन वाजलेत, डोकं तापलंय, आणि घरात आवाज चढवला तर आई उठेल. म्हणून इथे लिहून काढतोय.

ज्याने कधी स्वतः माइनक्राफ्टचा, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या त्या गेमचा, सर्व्हर (सगळे ज्यावर एकत्र जमतात ते मशीन) चालवलाय त्याला पुढचं काही समजावून सांगायला नको. बाकीच्यांना वाटतं गेम आहे, खेळायचा, त्यात एवढं रडण्यासारखं काय? अरे, पण खेळतंय कोण! गेल्या तीन शनिवारांत मिळून मी त्या जगात वीस मिनिटं खेळलो असेन. उरलेला वेळ मी सोसायटीचा सेक्रेटरी असतो. पाणी का नाही आलं, लिफ्ट कधी चालू होणार, माझ्या जागेवर गाडी कोणी लावली. फरक एवढाच की सेक्रेटरीला निदान वर्षातून एकदा मीटिंगमध्ये उलट ओरडता तरी येतं.

सुरुवात हौसेनेच झाली होती, नाही म्हणत नाही. मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला राहतो, नोकरी ऐरोलीला. मामेभाऊ डोंबिवलीत, कॉलेजचे दोघं खारघर आणि कळव्याला, ऑफिसातले चौघं वाशी-कोपरखैरणे पट्ट्यातले. प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं तर रविवार जाण्यायेण्यात संपतो. म्हटलं, शनिवारी रात्री दहाला सगळे एका जगात भेटू आणि आपलं ठाणं बांधू. मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन, आणि १६ एप्रिल १८५३ ला जी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तो ३४ किलोमीटरचा मार्ग. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, म्हणजे ३४,००० रूळ. गेममधली खाणगाडी फार तर सेकंदाला ८ ब्लॉक धावते, म्हणजे ठाण्याहून बोरीबंदरला ७१ मिनिटं! हा हिशोब मी केला तेव्हा मला इतका आनंद झाला होता की ऑफिसात दोघांना थांबवून सांगितला. आज तो ट्रॅक मुलुंडच्या अलीकडेच अडकलाय, कारण गाडीला वेग देणाऱ्या पॉवर्ड रेलला सोनं लागतं आणि सोनं खणायला कोणी जात नाही. सगळ्यांना गाडीत बसायचंय.

आता मूळ दुखणं. सर्व्हर आधी घरच्या जुन्या पीसीवर लावला. पोर्ट २५५६५, म्हणजे या गेमचा नेहमीचा दरवाजा, उघडला, राउटरमध्ये फॉरवर्ड केला, फायरवॉलमधून वाट सोडली, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. बाहेरून एकालाही जोडता येईना. तीन रात्री डोकं फोडल्यावर कळलं की आमचा ब्रॉडबँडवाला आम्हाला सीजीनॅटच्या मागे ठेवतो. म्हणजे काय, तर शेकडो घरांना मिळून बाहेर दाखवायला एकच पत्ता. तुमच्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्हीही त्याच बोटीत. एवढ्या मोठ्या कॉम्प्लेक्सला एकच गेट, फ्लॅट नंबर कुठेच लिहिलेला नाही. तुम्ही बाहेर जाऊन भाजी आणू शकता, पण पाहुणा गेटवर आला तर वॉचमन त्याला पाठवणार कोणाकडे? पाहुणा परत.

यामागचं कारण खरं आहे, तेही मान्य. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत पत्तेच मुळात ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. पण मग हे सांगा ना सरळ! मी कस्टमर केअरला फोन केला तर समोरचा म्हणतो, "सर, एकदा स्पीड टेस्ट करून बघा." अरे बाबा, स्पीड शंभर येतोय, प्रश्न स्पीडचा नाहीच. "सर, राउटर बंद करून चालू करा." चार वेळा केला. पाचव्या वेळी म्हणाला, स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घ्या, महिन्याला वेगळे पैसे. म्हणजे पहिल्या मिनिटापासून याला ठाऊक होतं!

शेवटी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये ४ जीबीचं भाड्याचं मशीन घेतलं. भाडं मी भरतो. ग्रुपवर दर महिन्याला एकच वाक्य येतं, "किती झाले सांग, लगेच जीपे करतो." मी सांगतो. मग दोन निळ्या टिका. मग कोणीतरी मांजराचा व्हिडिओ टाकतो.

बरं, आजचा शनिवार. गुरुवारी विचारलं, कोण कोण येणार? अकरा अंगठे. दहाला तीन जण. "दहा मिनिटं रे", "जेवतोय", "बाळ झोपलं की आलोच". साडेदहाला सात. त्यातल्या वाशीवाल्याचा गेम आपोआप अपडेट झालेला, सर्व्हर जुन्या व्हर्जनवर, तो आत येईना. ऑफिसातला एक फोनवरून खेळतो, तिथे गेमची बेडरॉक आवृत्ती, आमचा सर्व्हर जावा आवृत्तीचा, दोघांचं आपसात जमत नाही. त्या एका माणसासाठी मी मधला पूल म्हणून गायझर बसवलाय, तोही दर अपडेटला मोडतो. मी दोन खिडक्यांत लॉग बघतोय, आणि डिस्कॉर्डवर, म्हणजे आमच्या ग्रुप कॉलवर, कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. रात्री साडेदहाला कुकर लावतं कोण? "माइक बंद कर रे" असं मी आज किती वेळा म्हणालो असेन, त्याची गणती नाही.

आणि मग ते अमर वाक्य.

"लॅग होतंय रे खूप, सगळं अडकत चाललंय. तुझा सर्व्हर बंडल आहे."

हे म्हणणारा कोण, तर खारघरवाला. जो स्वतः लग्नाच्या हॉलबाहेर उभा राहून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळत होता. शिवाय ज्याने रंगायतनच्या मागे कोंबड्यांचा कारखाना टाकलाय. मी मोजल्या, एका खड्ड्यात तीनशे बारा कोंबड्या. हे जग सेकंदाला २० टिक, म्हणजे २० ठोके, चालतं. एका टिकेला ५० मिलिसेकंद, तेवढ्यात प्रत्येक कोंबडीने कुठे वळायचं हेसुद्धा सर्व्हरलाच ठरवावं लागतं. तीनशे बारा जणी! आणि बंडल कोण, तर मी.

"कोंबड्या कमी कर," म्हटलं. तर म्हणतो, "पण मला अंडी लागतात." कशाला लागतात ते आजवर सांगितलेलं नाही.

साडेअकराला आमच्याकडची लाइट गेली. यूपीएसची बॅटरी गणपतीपासून मेलेली आहे, हा माझा दोष, कबूल. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि देवघरातला दिवा. भाड्याचं मशीन मात्र लांब डेटा सेंटरमध्ये, ते आपलं मजेत चालू. म्हणजे पंगत चालू आणि यजमान अंधारात. फोनला आमच्या बेडरूममध्ये एक दांडी रेंज येते, तीही खिडकीत उभं राहिलं तर. म्हटलं चालेल, मामेभावाला ऑप, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार, दिलेलं आहे, तो सांभाळेल.

बारा दहाला लाइट आली. आत गेलो.

रंगायतन नाही.

म्हणजे अक्षरशः नाही. जिथे आम्ही सहा शनिवार पांढऱ्या काँक्रीटचे ब्लॉक एकेक करून लावले होते, तिथे खड्डा, आणि त्यात मासुंद्याचं पाणी धो धो येतंय. पाण्याखाली टीएनटीने, म्हणजे गेममधल्या सुरुंगाने, ब्लॉक फुटत नाहीत, त्यामुळे तलावाच्या बुडालेल्या पायऱ्या तेवढ्या शाबूत. कोंबड्याही शाबूत. त्या सगळ्या काठावर उभ्या राहून बघत होत्या.

ताईचा मुलगा, माझा भाचा, वय वर्षं दहा. "मामा, चुकून झालं."

चुकून एक फुटतो रे राजा. पोतं भरून टीएनटी कोणी चुकून लावत नाही. आणि सर्व्हायव्हलमध्ये, जिथे सगळं स्वतः खणून जमवावं लागतं, एवढा दारूगोळा याच्याकडे आला कुठून? तर मामेभाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, तो सगळं फुकट मिळणारा क्रिएटिव्ह मोड मागत होता, रडत होता, म्हणून मी त्याला पण ऑप दिलं. मग मी जेवायला बसलो." म्हणजे किल्ली मी तुला दिली, तू दहा वर्षांच्या पोराला दिलीस, आणि वर भात-आमटी खायला बसलास. उद्या घराची किल्लीही देशील!

बॅकअप होता, दर सहा तासांनी आपोआप घेतो तो, संध्याकाळी सहाचा. सर्व्हर बंद केला, जग परत ठेवलं, तपासलं, दीड वाजला. कोणी म्हणेल, झालं की. नाही झालं. कळव्याचा आज सात ते नऊ एकटा खाणीत बसला होता म्हणे, त्याला अकरा हिरे मिळाले होते. सहाच्या बॅकअपमध्ये ते कुठून असणार? "माझे हिरे कुठेयत?" "माझे हिरे परत दे." रंगायतन उडालं तेव्हा तोंडातून शब्द नव्हता, आणि अकरा निळ्या दगडांसाठी पस्तिशीचा माणूस मला व्हॉइस नोट पाठवतोय, एक मिनिट चाळीस सेकंदांची. वैताग वैताग म्हणतात तो हा.

मग सल्ले. कोअरप्रोटेक्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या बदलांची नोंद ठेवणारं प्लगइन, टाकायला हवं होतंस, मग फक्त त्या स्फोटाने झालेलं तेवढंच मागे घेता आलं असतं. बरोबर आहे, टाकायला हवं होतं. हे मला चार जणांनी सांगितलं. चौघांनाही आधीपासून माहीत होतं. चौघांपैकी एकालाही सहा आठवड्यांत ते बोलावंसं वाटलं नाही, बसवून देणं तर सोडाच.

ताईचा फोनही येऊन गेला, एवढ्या रात्री. "लहान आहे रे तो, ओरडू नकोस, रडतोय." मी ओरडलोच नव्हतो! मी फक्त त्याचं ऑप काढलं. आणि मामेभावाचं. आणि हात होतेच तर कोंबड्याही तीनशे कमी केल्या. बारा ठेवल्यात, अंडी लागतात ना.

आत्ता हे लिहीत असताना खारघरवाल्याचा मेसेज आलाय, "पुढच्या शनिवारी दहाच ना? आणि माझ्या कोंबड्या कुठेयत?"

येत्या ५ तारखेला मशीनचं भाडं जाईल. माझा जीपे नंबर गेल्या महिन्यात होता तोच आहे.