कंपनी ‘एनसीएलटी’त गेली म्हणून बिलं बुडत नाहीत

एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण; कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज तिथे जातात. त्यावरून पुरवठादारांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: ‘कंपनीने एनसीएलटीत अर्ज टाकला की त्याच क्षणी सगळी वसुली थांबते. चेक बाउन्सच्या केसेस बंद, जामीनदार मोकळे, जुनी बिलं बुडाली.’

‘त्याच क्षणी’ हा अमेरिकेतला नियम. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत वसुली थांबवणारी कलम १४ ची स्थगिती एनसीएलटीने अर्ज स्वीकारल्याच्या आदेशापासून लागते, आणि अर्ज व आदेश या दोन तारखांमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात. तोवर दावा, दरखास्त (निकालाची अंमलबजावणी), बँकेची सरफेसी कारवाई (तारण मालमत्तेची जप्ती) सगळं चालू शकतं.

चेकचं म्हणाल, तर चेक बाउन्सच्या कायद्यातल्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम १३८ खाली कंपनीवरची केस थांबते, आरोपी संचालकांवरची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पी. मोहनराज खटल्यात हे स्पष्ट केलं. जामीनदारही सुटत नाही. दिवाळखोरी संहितेचं कलम १४(३) त्याला संरक्षणातून वगळतं. मात्र त्याच्या स्वतःविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज झाला, तर कलम ९६ ची अंतरिम स्थगिती खरोखरच अर्जाच्या तारखेपासून लागते. मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ बहुधा इथलाच.

बिलं बुडतात ती स्थगितीमुळे नव्हे, दावा न भरल्यामुळे. आदेशानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. तिच्यातली शेवटची तारीख साधारण १४ दिवसांची असते. पुरवठादाराने फॉर्म बी (दाव्याचा अर्ज), बिलं, पोचपावत्या आणि खातेउतारा अंतरिम व्यावसायिकाकडे, म्हणजे कंपनीचा कारभार हाती घेतलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे, द्यायचा; व्याज आदेशाच्या तारखेपर्यंतच धरायचं. लोक नेमके या दिवसांत वकिली नोटिसा पाठवत बसतात. कंपनी सावरण्याची योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेलं येणं संपतं.

तुमची डाय (साचा) किंवा भाड्याचं मशीन कंपनीच्या आवारात असेल, तर स्थगितीत ते उचलून आणता येत नाही. मालकीचे कागद लगेच द्या, म्हणजे ते कंपनीच्या मालमत्तेत मोजलं जाणार नाही. नवा माल व्यावसायिकाच्या लेखी ऑर्डरवरच पाठवा: त्याचे पैसे प्रक्रियेच्या खर्चात धरले जातात आणि आधी चुकते होतात. त्या पैशांतून जुनी बाकी परस्पर वळती करू नका.

मेसेजमधली भीती अगदीच खोटी नाही. पुरवठादारांना सहसा योजनेवर मतदान करणाऱ्या धनको समितीत (कर्ज देणाऱ्यांच्या समितीत) मत नसतं आणि कायद्याने मिळणारा किमान वाटा बऱ्याचदा शून्याजवळ येतो. म्हणूनच संचालकांवरची १३८ ची तक्रार ‘आता काय उपयोग’ म्हणून मागे घेणं महागात पडतं.