आजीच्या वतीनं कुणी बाप्तिस्मा घ्यायचा नाही

आज दुपारी भाच्याचा मेसेज आला. अमेरिकेत युटामध्ये असतो. शिकायला गेला, तिथंच नोकरी लागली आणि मित्रांबरोबर जाता जाता मॉर्मन मंडळीत सामील झाला. "मावशी, पणजीच्या जन्माची आणि मृत्यूची तारीख पाठव ना. टेंपलमध्ये तिच्या नावानं बाप्तिस्मा करायचाय. तिच्या जन्माला ११० वर्षं झाली नाहीत, म्हणून आजीची परवानगी लागते. तू विचारशील का?"

पोरगं मनापासून विचारतंय, हे मला कळतं. तरी दुपारपासून माझं डोकं तापलंय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या मंडळीत मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस पाण्यात बुडी घेतो. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. त्यांच्या मंदिरात बारा बैलांच्या पुतळ्यांवर पेललेला मोठा हौद असतो, तिथं बारा-तेरा वर्षांची मुलंसुद्धा एकापाठोपाठ एक अनोळखी नावांसाठी पाण्याखाली जातात. या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्यानं ही शिकवण १८४० साली इलिनॉयमधल्या नॉवू गावात, एका दफनविधीच्या वेळी मांडली. सुरुवातीचे बाप्तिस्मे मिसिसिपी नदीतच झाले. पुढे नावं मिळावीत म्हणून जगभरच्या वंशावळी आणि चर्चच्या नोंदवह्या यांच्या मायक्रोफिल्म काढल्या गेल्या. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्या जपून ठेवल्यात.

आता त्या यादीत माझी आजी हवी आहे.

आमची आजी कोण होती ते सांगते. आजोबांनी लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला, मुलांचाही झाला. आजीनं घेतला नाही. दर रविवारी चर्चमध्ये यायची, दाराजवळ बसायची, नारायण वामन टिळकांची भजनं तिला तोंडपाठ होती. पाळकसाहेब गावात आले की त्यांचं जेवण तिच्याच हातचं. दर नाताळला ते विचारायचे, "बाई, यंदा तरी?" आणि आजी म्हणायची, "माझं मी बघीन. माझ्या तोंडून निघंल तवा निघंल." नवऱ्याला तेच, पोटच्या लेकीला तेच. शेवटपर्यंत तिच्या तोंडून निघालं नाही.

जी बाई नवऱ्याला बधली नाही, तिच्या वतीनं युटातली कुणी अनोळखी मुलगी पाण्यात उतरणार? हे म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर आपला अंगठा उठवणं झालं.

बाप्तिस्मा म्हणजे नुसतं भिजणं नाही, ती त्या माणसानं देवाला दिलेली कबुली आहे. (तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याचा वाद आपल्यात आहे, मान्य. पण बाळ मोठं होऊन स्वतः कबुली देऊ शकतं.) लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आपल्या घराघरात सांगतात. त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंवर आभाळ कोसळलं. त्यांनी पाच वर्षं घेतली. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या आणि मग १९०० साली स्वतःच्या पायांनी आल्या. ती पाच वर्षं त्यांची होती. कुणी त्यांच्या नावानं आधीच उरकून टाकलं असतं, तर त्या सगळ्या झगड्याचं काय मोल राहिलं असतं?

भाचा लगेच बायबलमधलं, पौलाच्या पत्रातलं १ करिंथ १५:२९ दाखवतो. "मावशी, पौलच म्हणतो ना मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेतात म्हणून!" अरे, पण तो सगळा अध्याय पुनरुत्थानावर आहे. कुणीतरी काहीतरी करत होतं, त्याचा पौलानं जाता जाता दाखला दिला. तुम्ही करा, असं त्यानं कुठंही सांगितलं नाही. एका वचनावर एवढी मंदिरं उभी करायची? आणि त्यांचा स्वतःचा धर्मग्रंथ 'बुक ऑफ मॉर्मन' काय सांगतो? त्यात मेलेल्यांच्या बाप्तिस्म्याचा पत्ताच नाही. उलट त्यातल्या अल्मा नावाच्या भागात, ३४ व्या अध्यायात लिहिलंय, की देवाला भेटायची तयारी करायची ती याच आयुष्यात. हे मी भाच्याला मागेच विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

सगळ्यात संताप येतो तो यहुद्यांचं आठवून. हिटलरच्या छावण्यांत जे यहुदी म्हणून मारले गेले, त्यांच्या नावानंही हे बाप्तिस्मे झाले. १९९५ साली यहुदी संघटनांशी करार झाला, लाखो नावं काढली, आणि तरीही २०१२ साली अ‍ॅन फ्रँकचं नाव पुन्हा निघालं. एवढीशी पोर, जिला फक्त यहुदी असण्यासाठी मारलं! त्याच साली गांधीजींच्या नावानंही असा बाप्तिस्मा झाल्याची बातमी आली होती. १८७७ साली तर सेंट जॉर्जच्या मंदिरात मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या नावानं बाप्तिस्मा केला गेला. ज्या माणसानं आयुष्यभर घोड्यावर फिरून ख्रिस्ताची सुवार्ता सांगितली, त्याचा बाप्तिस्मा अपुरा होता का?

त्यांची बाजू आहे, नाही असं नाही. ते म्हणतात, आम्ही कुणावर लादत नाही, पलीकडचा आत्मा हवं तर नाकारू शकतो. आता हयात नातेवाइकांच्या परवानगीचा नियम आहे, आणि भाच्यानं तो पाळला, हेही खरं. क्रिस्टर स्टेंडाल नावाच्या स्वीडनच्या लूथरन बिशपांनी तर या प्रथेमागच्या प्रेमाचं उघड कौतुक केलं होतं. असेल. प्रेम आहे म्हणून हक्क मिळतो का?

एवढं लिहिलं आणि उठून आईकडे गेले. परवानगी तिची मागितली आहे, तर उत्तरही तिनंच द्यायला हवं. सगळं नीट समजावून सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग आजीबद्दल म्हणाली, "खरंच काही होत असेल का गं त्यानं? बाईला तिथं एकटं वाटत असेल का?"

माझा सगळा राग गळून गेला. आईनं आजीसाठी किती प्रार्थना केल्यात ते मी लहानपणापासून बघितलंय. आणि आजी गेली तेव्हा आपल्याच मंडळीच्या पंचांनी कुरकुर केली होती, बाप्तिस्मा नाही तर ख्रिस्ती कबरस्थानात जागा कशी द्यायची म्हणून. पाळकसाहेब ठाम राहिले म्हणून ती आजोबांशेजारी आहे. पण त्या कुरकुरीनं आईच्या मनात जे भय शिरलं, ते इतक्या वर्षांनीही तिथंच आहे. पाण्याशिवाय तारण नाही हे भय आईला मॉर्मन लोकांनी दिलेलं नाही, ते आपल्या माणसांनी दिलंय. त्याच भयावर भाच्याच्या मंडळीनं उपाय काढलाय, आणि म्हणून तो आईला इतका गोड वाटला.

मी आईला बायबलमधला लूकचा तेविसावा अध्याय वाचून दाखवला. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला कुणी पाण्यात बुडवलं? प्रभू त्याला म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर असशील. त्या चोरासाठी मागाहून कुणाला हौदात उतरावं लागलं नाही. आजी दाराजवळ बसून काय पुटपुटत होती ते मला माहीत नाही, आईला माहीत नाही. ज्याला ऐकायचं होतं त्यानं ऐकलं असेल. कृपेवर आपला विश्वास असेल, तर तो इथं धरायला हवा.

आई शेवटी म्हणाली, "तारखा देऊ नकोस. बाईनं मला 'हो' म्हटलं नाही, मी तिच्या वतीनं त्याला काय म्हणू?"

आता कुणी विचारेल, कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात ते कसं चालतं? आम्ही प्रोटेस्टंट ते करत नाही, पण त्यात मला फरक दिसतो. प्रार्थनेत देवाकडे मागणं असतं, निर्णय त्याच्याकडे राहतो. इथं त्या माणसाची कबुलीच दुसरा कुणी देतो. कॅथलिक चर्चनं २००१ साली मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं जाहीर केलं आणि २००८ साली पॅरिशच्या नोंदवह्या त्यांना देऊ नका असं कळवलं. आपल्या मंडळ्यांमध्ये यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

नगर, सोलापूर, पुणे, मुंबईच्या पाळकांना कळकळीची विनंती आहे. आपली मुलं तिकडे शिकायला जातात, एकटी असतात. मॉर्मन मंडळीचे तरुण मिशनरी खरोखर प्रेमळ असतात, जेवायला बोलावतात, घर बदलताना सामान उचलायला येतात. देव पित्याला हाडामांसाचं शरीर आहे असं ते मानतात, आपण ज्याला त्रिएक देव म्हणतो तो त्यांना मान्य नाही, हे मुलांना फार उशिरा कळतं. त्यांना शिव्या देऊन काही होणार नाही. युवक संघाच्या पुढच्या सभेत १ करिंथ १५ घ्या. अख्खा अध्याय घ्या आणि २९ वं वचन गाळू नका.