खुलासा : लिंबू चोळून उन्हात जाऊ नका

"जोतिबाच्या चैत्र यात्रेला निघताना तोंडाला, हाताला लिंबू चोळा, ऊन लागत नाही आणि काळवंडतही नाही," असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. हे चूक आहे. नुसतं चूक नाही, अपाय करणारं आहे.

लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगाला लागलेली असताना ऊन पडलं की कातडी भाजते. लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाली, आग, कधी फोड. माझ्या मावसबहिणीच्या मनगटापासून कोपरापर्यंत रसाचा ओघळ गेला होता, तसाच्या तसा काळा पट्टा उमटला. गणपती आले तरी पुरता गेला नव्हता.

रस लागलाच तर साबणाने धुऊन मगच बाहेर पडा. सरबत खुशाल प्या.

डोंगरावर डोक्यावर टोपी किंवा पदर, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा. घामाने ते निघून जातं, म्हणून दर २ तासांनी पुन्हा. जमलं तर सकाळी १० च्या आत दर्शन उरका.

ज्यांना फोड आलेत त्यांनी ते फोडू नयेत, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावेत.