थांबता थांबेना

सासवडहून अंजिरं घेऊन दिवे घाट उतरत होतो. पुढे एसटी, मागे डंपर, मध्ये आमची १९७२ सालची फियाट. एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल खाली गेलं आणि गाडी पुढे. ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला. बायकोनं अंजिरांची पाटी पोटाशी धरली आणि अगदी शांतपणे विचारलं, "अहो, लागतोय ना?" तिच्या या शांतपणाला मी डंपरपेक्षा जास्त घाबरतो. पेडल पंप करत, स्टिअरिंगखालची दांडी ओढून गाडी दुसऱ्या गिअरात टाकत घाटाखालचं वडकी गाठलं, तोवर पाटीत जॅम तयार होता.

त्या रात्रीच ठरवलं, पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायच्या.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून लायनर लावलेले शू दाबतात. त्याचं दुखणं असं की तो तापला की फुगतो आणि शूपासून लांब सरकतो. म्हणजे गरज जितकी जास्त, तितका हा दूर. असे दोन चुलतभाऊ मला आहेत. शिवाय पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेली की पुढची दोन-तीन ब्रेकं नुसती श्रद्धेवर लागतात. डिस्क उघड्यावर फिरते, वारा खाते, पाणी झटकते. आणि हे काही नवं खूळ नव्हे. १९५३ साली ल मॅन्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारनं डिस्क ब्रेक लावून जिंकली होती. हे मी बाबांना ऐकवलं.

"तू चोवीस तास घाट उतरणारेस का?" बाबा म्हणाले. मग पेपर खाली ठेवून, "या गाडीसाठी मी नंबर लावून सात वर्षं थांबलो. ती तुझ्यासाठी दहा फूट उशिरा थांबली, तर एवढा गहजब?"

सुटे भाग बघायला नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानदारानं मारुती ८००ची डिस्क सुचवली, दुसऱ्यानं एस्टीमची. तिसरा म्हणाला, "फियाटला फियाटच्याच घरातली सोयरीक करा, उनोची घ्या." मला वाटलं होतं, डिस्क म्हणजे एक चकती. पण ती एकटी येत नाही, माहेर घेऊन येते. बोल्टांची भोकं जुळली तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन पॅडच्या चिमटीत धरणारा भाग, रिमला घासतो. तो घासू नये म्हणून रिम बदलावं, तर चाक मडगार्डबाहेर डोकावतं. त्यातूनही सुटलात तर मास्टर सिलिंडर, पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा. मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून रुंद, घ्यावा तर ब्रेक दाबताना मांडी भरून येते, छोट्या बोअरचा घ्यावा तर पेडल तळ गाठतं. जुनाच ठेवावा, तर त्यात लाइनमधलं प्रेशर धरून ठेवणारा एक चिमुकला व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो हवाच, पण डिस्कला तसाच ठेवला तर पॅड चिकटून बसतात आणि गाडी ब्रेक लावूनच फिरते. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपणहून ओढला जातो, पायाला मदत करतो. डिस्कमध्ये ते औदार्य नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर. बूस्टर पोह्यांच्या डब्याएवढा. बॉनेटखाली तेवढी जागा असती तर मी तिथे खरंच पोहे ठेवले असते.

सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी वेगळीच काडी टाकली. "डिस्क लावलीस तर व्हिंटेजचा नंबर विसर!" पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठीचा २०२१चा नियम मी काढून वाचला. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं म्हटलंय, ब्रेकचं नाव नाही. काकांना तसं दाखवलं. "नाव नाही म्हणजे अजून लक्षात आलेलं नाही," ते म्हणाले.

शेवटी एका रविवारी जुना बाजार गाठला. गोधडीवर मिक्सरची भांडी, पितळी कड्या, आणि मधोमध दोन डिस्का. "काढून बघा साहेब, एकदम ओरिजनल." डिस्कच्या मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली गेली की भंगार. मी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. त्यानं मी सोनार असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. एक बरोबर भरली, दुसरी दीड मिलिमीटर कमी.

"त्या बाजूचं चाक जरा सांभाळून चालवा," तो म्हणाला. मी दोन्ही घेतल्या.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी त्या हातात घेऊन वजन केलं, बाजूला ठेवल्या आणि आधी डावा ड्रम उघडला. चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलेलं, लायनर ब्रेक ऑइलात भिजून काळंभोर. उजवीकडचं लायनर घासून आरशासारखं चकचकीत. "साहेब, ब्रेक शेवटचे कधी ॲडजस्ट केले होते?" मी आकाशाकडे बघितलं. आकाशात गॅरेजचा पत्रा होता.

ड्रम लेथवर टर्न झाले, नवी लायनरं, नवी रबरं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढली. मागच्या आठवड्यात परत दिवे घाट उतरलो, पूर्ण घाटभर दुसऱ्या गिअरात. गाडी म्हटलं तिथं थांबली. बायको वाटेत झोपली, याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

डिस्का धुऊन ठेवल्यात. श्रीखंडाचा चक्का दाबायला त्यातली जाड डिस्क आईनं नेली, म्हणे वरवंट्यापेक्षा सारखा भार येतो. आता जाडीला जोडीदार शोधायलाच हवा. बूस्टरही कुठे दिसतो का, रविवारी बघून येतो.