"मराठी सिनेमाच गरीब, त्याला कोण काय करणार?"

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. मराठी सिनेमाच गरीब, म्हणून सेटवर चहापाणी आणि किरकोळ कामं बघणारे स्पॉटदादा, लाइटमन, गर्दीत उभे राहणारे ज्युनिअर आर्टिस्ट यांना कमी मिळतं. तरी रोजंदारी बरी आहे, कायदा आहे, आणि कुणी जबरदस्तीने आणलेलं नाही. सहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये पैसे वाटायचं काम केलंय, म्हणून लिहितो.

बजेट तुटपुंजं असतं, हे खरं. पण त्याच बजेटमधून जनरेटर व्हॅनचं डिझेल रोखीने येतं. कॅमेरा भाड्याने देणारा आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय सामान हलवू देत नाही. बंगल्याचा मालक डिपॉझिट घेऊनच कुलूप उघडतो. अडवून धरायला ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला सांगायचं, 'नव्वद दिवसांनी.' मालिकांमध्ये तर ही उधारी रीतच होऊन बसली आहे. म्हणजे निर्मात्याला बिनव्याजी पैसे वापरायला देतो तो सेटवरचा सगळ्यात गरीब माणूस. पेमेंटच्या यादीत त्यांची नावं खाली सरकवणाऱ्यांत मीही होतो.

पैसा आला की हे सुटतं, असंही नाही. मल्याळम सिनेमाचं आपण किती कौतुक करतो! तिथल्या बायकांच्या कामाची परिस्थिती तपासायला केरळ सरकारने नेमलेल्या हेमा समितीने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये खुला झाला. ज्युनिअर आर्टिस्टना स्वच्छतागृह नाही, पैसे मधल्या एजंटच्या हातून, हे त्यात आहे. तेलुगू सिनेमा तर शेकडो कोटींचा. तिथल्या कामगारांना ३० टक्के वाढीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये शूटिंग बंद पाडावं लागलं.

रोजंदारीचा आकडा सांगणारे महिन्यात किती दिवस काम लागतं ते सांगत नाहीत. बारा तासांची शिफ्ट. घर ते सेट हा प्रवास त्यात धरत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर सिने-कामगारांसाठीचा कायदा १९८१ चा होता. लेखी करार हवा, असं त्यात स्पष्ट होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. सहा वर्षांत एकाही स्पॉटदादाच्या हातात मी कराराचा कागद दिला नाही. आणि सुरक्षेचं काय? १९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री चेन्नईजवळच्या सेटवर क्रेन कोसळून तिघे गेले. तो तर मोठ्या बजेटचा सिनेमा होता.

राहिली जबरदस्ती. ती खरंच कुणी करत नाही. काम येतं कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्याच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे कुणी 'पेमेंट कधी?' विचारलं, तर त्याला शिव्या पडत नाहीत, पुढच्या कामाचा निरोप जात नाही एवढंच. म्हणून ग्रुपवर कुणी विचारत नसे. माझ्या बापाच्या वयाचा एक लाइटमन रात्री अकरानंतर मला फोन करायचा आणि आधी विचारायचा, "साहेब, झोपला नाहीत ना?"