तांबडी खुडूक बसली त्याची गोष्ट

खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली ज्याने कधी हात घातलेला नाही, त्याने धाडसाच्या गप्पा मारू नयेत. आमची तांबडी एरवी अगदी गरीब, पायात घुटमळणारी, तळहातावरचे दाणे टिपणारी. एके सकाळी ती खोक्यातून उठेना. हात पुढे केला तर अंग फुगवून दुप्पट झाली, घशातल्या घशात गुरगुरली आणि मनगटावर अशी चोच हाणली की मी हातही मागे घेतला आणि विचारही.

बरं, खाली एकही अंडं नव्हतं. रोजची अंडी आम्ही रोज उचलतो. बाईसाहेब नुसतं गवत उबवत होत्या. एकदा खुडूक चढली की कोंबडीला अंडी लागत नाहीत, जागा पुरते. अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं, पोटाखालची पिसं जातात आणि उघडी, गरम कातडी वाट बघत बसते. हे ज्ञान मला मागाहून मिळालं. त्याआधी शेजारच्या काकांचं मिळालं.

"गार पाण्यात बुचकळा, उतरते," ते कुंपणापलीकडून म्हणाले.

बुचकळली. तांबडी बादलीतून निघाली ती थेट खोक्यात. आता गवतही ओलं. मग जाळीच्या तळाचा पिंजरा झाला, म्हणजे खालून वारा लागून पोट गार पडतं. या सल्ल्यात खरोखर तथ्य आहे, पण त्याला काही दिवस द्यावे लागतात आणि तांबडीने पहिल्याच दुपारी घर डोक्यावर घेतलं. शेवटी आईने निकाल दिला, "बसू दे रे तिला. तुझं काय जातंय?"

माझं काय जातं ते पुढचे 21 दिवस कळत गेलं.

अंडी रात्री सरकवायची, कारण अंधारात कोंबडी सुस्त असते. सगळी एकदमच ठेवायची, नाहीतर पहिली पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी वाऱ्यावर. म्हणून प्रत्येक अंड्याला पेन्सिलीने गोल रेघ मारली. कारण बाकीची खोकी रिकामी पडलेली असली तरी खुराड्यातल्या यच्चयावत कोंबड्यांना अंडं घालायला तांबडीचंच खोकं हवं होतं. तिच्या अंगावर चढायचं, कडेने घुसायचं, अंडं टाकायचं आणि गावभर बोभाटा करत निघून जायचं. बिनरेघेचं अंडं शोधून काढण्याचं काम माझं. मोबदला चोचीने रोखीत.

दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी घ्यायची. बाहेर आली की आधी पोट मोकळं करायची. या विषयावर सभ्य माणसाने लिहू नये, पण गिळूनही टाकवत नाही. घरटं घाण होऊ नये म्हणून ती दिवसभराचं सगळं धरून ठेवते, आणि ते एकदम बाहेर पडलं की आकाराने अंड्याला लाजवतं. वास इतका की बाकीच्या कोंबड्याही बाजूला होतात. मग घाईघाईने दाणे, पाणी, मातीत एक अंघोळ, आणि परत. परत म्हणजे कधीकधी शेजारच्या खोक्यात, कोणाच्या तरी ताज्या अंड्यावर, अगदी समाधानाने! आपली अंडी पलीकडे गार पडताहेत याचं काही नाही. तिला उचलून योग्य घरी पोचवायचं कामही अर्थात माझंच.

आठवडा झाल्यावर रात्री एकेक अंडं टॉर्चवर धरलं. दोन अंडी आरपार स्वच्छ, त्यात काहीच नाही. तिसऱ्यात लाल शिरांचं जाळं आणि मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलला. आई म्हणाली, "टॉर्च बंद कर, डोळ्यांवर येत असेल त्याच्या."

शेवटचे तीन दिवस तांबडीने सुट्टी रद्द केली. विसाव्या दिवशी बंद कवचाच्या आतून चिवचिव ऐकू आली आणि ती हळू आवाजात उत्तरं देऊ लागली. मग एका अंड्याला टवका गेला. आणि पुढे काही होईना. तासामागून तास गेले तरी चोचीचं टोक तेवढ्याच भोकातून दिसतंय. काका कुंपण ओलांडून आले, "नखाने जरा सोला की!" त्यांना तिथून हलवणं तांबडीला हलवण्याइतकंच अवघड गेलं. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त खेळत असतं, उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाई केली तर पिल्लू जायचं. टवका पडल्यापासून बाहेर यायला एक दिवसही लागू शकतो. हे मी काकांना समजावत असतानाच पिल्लू बाहेर आलं, ओलं आणि कुरूप. काका म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवसापासून तांबडी निराळीच. मी पिल्लांसाठी बारीक भरड ठेवायची आणि तिने दोन्ही पायांनी ती उधळून अंगणभर करायची. मग एकच कण चोचीत धरून, टाकून, "टुक टुक टुक" करत सगळ्यांना बोलवायचं. पिल्लं बुडू नयेत म्हणून पाण्याच्या थाळीत खडे घातले, तर तिने खडेच उकरले. मांजर भिंतीवरूनच ये-जा करू लागलं. वर घार दिसली की तिच्या घशातून एकच लांब आवाज यायचा आणि अंगणातली सगळी पिल्लं पंखांखाली गडप. त्या आवाजाला मीही दोनदा ओसरीत पळालोय.

पाच-सहा आठवड्यांनी तिने त्याच पिल्लांना टोचून हाकलायला सुरुवात केली. एक दांडगं पोर तरी रात्री डोकं तेवढं पंखाखाली खुपसायचं, बाकी सगळं बाहेर. सगळ्यांत आधी लाल तुरा आला तो त्यालाच. काकांनी तेच मागितलं. "उबवण्यात आमचाही हात आहे," म्हणाले. दिलं.

आता ते पहाटे साडेतीनला आरवतं. आवाज अजून फुटायचा आहे, त्यामुळे बांग अर्ध्यावर तुटते आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. काका सकाळी लाल डोळ्यांनी कुंपणाशी येतात आणि म्हणतात, "तुमच्या कोंबड्याचं काहीतरी करा हो."