सेनेगलचं पण लिहा ना

"पोटात जंत असतील तर मलेरिया मेंदूपर्यंत जात नाही" हे तुमच्या जंत आणि मलेरियावरच्या लेखातलं वाक्य इतकं सरळ लिहायला नको होतं. थायलंडमध्ये गोल जंत असलेल्यांत सेरेब्रल (मेंदूचा) मलेरिया कमी दिसला हे खरंय, पण सेनेगलमधल्या मुलांच्यात नेमकं उलटं निघालं, ते लेखात कुठेच नाही. जंतांमुळे शरीर आयएल-४, आयएल-१० या प्रतिकारशक्तीचे निरोप नेणाऱ्या प्रथिनांकडे झुकतं, दाह कमी होतो, मान्य, पण मलेरियाच्या परजीवीला सुरुवातीलाच आवरायला इंटरफेरॉन गॅमा (दाह वाढवणारं असंच प्रथिन) लागतो आणि तोच दबला तर काय?

आणि अंकुशकृमीबद्दल (हुकवर्म, आतड्याला चिकटून राहणारे जंत) एक ओळ पण नाही! मी गडचिरोलीत लॅबमध्ये रक्त तपासते, गरोदर बाईची स्लाइड फाल्सिपॅरम (मलेरियाचा सगळ्यात धोकादायक प्रकार) पॉझिटिव्ह आणि हिमोग्लोबिन सहाच्या आसपास असं दिसलं की फार काळजी वाटते. कृमी आतड्यातून रक्त पितात, मलेरिया तांबड्या पेशी फोडतो, म्हणजे दोन्हीकडून रक्तच जातं. असं अर्धवट व्हॉट्सॲपवर फिरलं की १० फेब्रुवारीला, जंतनाशक दिनी, शाळेत अल्बेंडाझोल (जंतांची गोळी) द्यायला आईबाप नाही म्हणतील, त्यामुळे प्लीज तेवढी दुरुस्ती कराच.